उकंडरावांची दुसरी मोरी

आखाडा बाळापुरात आमच्या भिंतीला लागून उकंडराव गवंडी राहत. हात सोन्याचे, पण बोलण्यात भारी कंजूष. विचारलं तर "व्हय", नाहीतर तेही नाही. पहिल्याच बाळंतपणात त्यांची बायको चतुराबाई हिचं लेकरू गेलं आणि तिचे पायही गेले. तेव्हापासून ती खाटेवर आणि डोळ्यांसमोर मातीची भिंत.

१९३७ साली हिंगोलीत हळदीचे व्यापारी पुनमचंद यांच्या घरी उकंडरावांनी माशांसाठी काचेचा हौद बांधला. उरलेली एक काच मागून घेतली आणि घरी येऊन चतुराबाईच्या खाटेजवळची भिंत फोडली. तिच्यात दगडी हौद बसवला, काच खाटेच्या बाजूला, वरचं तोंड भिंतीबाहेर उघडं. ओढ्यातले चिमुकले मासे आणून सोडले. गाव हसलं. "गवंडी मासे खायचं सोडून बघत बसतो," म्हणायचे. बघत कोण बसायचं ते गावाला काय ठाऊक! चतुराबाई दिवसभर बघायची, आणि कितीतरी वर्षांनी आमच्या घरात तिचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं.

माळवदाचं पाणी पन्हळीतून हौदात पडायचं. जास्तीचं पाणी जायला उकंडरावांनी काठाखाली खापराचा नळ काढला होता. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला भोकं पाडलेला तांब्याचा पत्रा बसवला. एक पावसाळा सगळं बराबर चाललं.

माझी आई सखुबाई रोज सकाळी चतुराबाईची वेणी घालायला जायची. पाण्यात देव असतो, म्हणून निघताना हौदात दोन-चार फुलं सोडायची. फुलांखालून मासे फिरले की चतुराबाई हसायची.

पुढच्या साली पोळ्याच्या आठवड्यात उकंडराव हिंगोलीला कामावर होते. इकडे दोन दिवस पाऊस थांबला नाही. हौद भरला, नळातून पाणी जाईना. ते काठावरून सांडून मातीच्या भिंतीत मुरलं. दुपारी भिंत खाटेवर कोसळली. आम्ही माती उपसेपर्यंत चतुराबाई गेली होती.

उकंडराव सकाळी आले. रडले नाहीत. अर्धवट उभ्या हौदापाशी पाठमोरे बसून राहिले आणि उठल्यावर म्हणाले, "नळ बारीक काढला म्या. माझीच चूक." पुढे दहा वर्षं कोणीही विचारलं तरी हेच.

त्यानंतर कुणाचाही हौद बांधला की ते पाणी जायला दोन मोऱ्या ठेवायचे. खालची जाळीची. वरची चांगली हातभर रुंद, बिनजाळीची, आणि तिचं पाणी थेट उंबऱ्यापुढे पडेल अशी, म्हणजे खालची तुंबली की घरातल्यांना लगेच दिसावं. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक बी फुंकून पितो," लोक म्हणायचे.

अठ्ठेचाळीस साली माझी आई गेली. दिवाळीनंतर मी ओसरीत हौद बांधायला काढला. डासांच्या अळ्या खायला चार मासे सोडायचे होते. उकंडराव आले आणि त्यांनी वरची मोरी आखली.

"काका, हिला जाळी काहून न्हाई? मासे जातील की."

"जाऊ दे. मासे ओढ्यात पुन्हा भेटतात." त्यांनी आखणीची रेघ पुरी केली. मग म्हणाले, "उत्तम, नळ बारीक नव्हता. पत्र्यावर फुलं चिकटून बसली व्हती. म्या ती काढून धोतराच्या सोग्यात लपवली. सखुवैनी जित्या होत्या तोवर बोलता येत न्हवतं. त्यांना कधी कळलं तर न्हाई ना?"

त्या पोळ्यापासून आईनं कुठल्याच पाण्यात फूल सोडलं नव्हतं. शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावून म्हणाली होती, "चतुरा माझ्या फुलांनी गेली. उकंडभावजींना सांगू नको. त्यांना वाटतं नळ बारीक होता."

"न्हाई काका," मी म्हणालो. "आईला काहीच माहीत न्हवतं."

"बरं झालं," उकंडराव म्हणाले. त्यांनी थापी उचलली आणि वरच्या मोरीची कड साफ करायला घेतली.