बगळा गैरहजर

संगणकाने मध्येच प्रश्न विचारले की माझं डोकं फिरतं. आपण एक बटण दाबतो, तर तो चौकट उघडून विचारतो, नक्की करायचं का, शेजारचंही करायचं का, का एवढंच करायचं. अरे बाबा, करायचंय म्हणून तर बटण दाबलं. माझा स्वभाव तापट आहे हे नंदुरबारात आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे अशा चौकटीतलं जे बटण हाताला पहिलं लागेल ते दाबून मी पुढे जाते. एकेचाळीस शाळांचा गोंधळ त्यातूनच झाला. त्याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडत नाही.

मी घराच्या पुढच्या खोलीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. शिष्यवृत्ती, पीकविमा, जातीचे दाखले, जे येईल ते. एके दिवशी गल्लीतलेच, शिक्षण खात्यातले एक निवृत्त केंद्रप्रमुख आले. त्यांनी खिशातून एक पुडी काढली. पुडीत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रुमाल आणि रुमालात पेनड्राइव्ह.

"पोरी, नोकरीमां बठ्ठा जिल्हा फिरनू," ते म्हणाले. "ज्या शायामां पोरं काही करीसन शिकतस, त्यासनी यादी करेल शे. आते ती लोकेसले दिखाले जोयजे."

कल्पना चांगली होती, हे मला लगेच पटलं. कुठल्या शाळेत पोरं विहिरीच्या पाण्याची पातळी मोजून गणित शिकतात, कुठे केळीच्या खोडाचे दोर वळतात, कुठे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पिकांचा इतिहास लिहितात. धडगावच्या एखाद्या शिक्षकाला शहाद्याकडची अशी शाळा बघायची असेल, तर त्याला ती घरबसल्या सापडावी. एक्सेलच्या शीटमध्ये दोनच रकाने होते. पहिल्यात शाळा आणि गाव, दुसऱ्यात प्रकल्प. केंद्रप्रमुख साहेबांना कुणालाही नाही म्हणता येत नसल्यामुळे दुसऱ्या रकान्यात काहीही होतं. एकाने लिहिलं होतं 'मुले हुशार आहेत', एकाने 'छत गळते'. तापीकाठच्या, कोरीटच्या बाजूच्या एका शाळेने लिहिलं होतं 'निरंक'. सरकारी कागदात सांगण्यासारखं काही नसलं की जो शब्द लिहितात, तोच.

"मग ही शाळा यादीत कशाला?" मी विचारलं.

"मुख्याध्यापक म्हने, नाव तरी ऱ्हाऊ द्या. पुढला महिनामां रिटायर व्हई ऱ्हायना बिचारा."

आठवडाभरात त्या शीटवर चालणारी वेबसाइट तयार झाली. शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, शाळा अकारविल्हे लावल्या तर बरं दिसेल. मी शाळांचा रकाना निवडला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. संगणकाने विचारलं, शेजारचा रकानाही सोबत हलवायचा का. मी जे दाबलं ते दाबलं. शाळा शहाण्यासारख्या ओळीत उभ्या राहिल्या, आणि प्रकल्प जिथे होते तिथेच बसून राहिले. एका क्षणात एकेचाळीस शाळांना दुसऱ्याच कुणाचे तरी प्रकल्प मिळाले, आणि मी चहा ठेवायला आत गेले.

शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुवा आणि माझा नंबर गेला. अंगठ्यांचा पाऊस पडला. 'स्तुत्य उपक्रम' असं सात जणांनी लिहिलं. डोंगरातल्या एका आश्रमशाळेपुढे केळीचे दोर होते, आणि जिच्या गच्चीवर साधी टाकी नाही अशा शाळेपुढे मत्स्यपालन होतं, पण कुणीही ब्र काढला नाही. कारण अंगठे देणाऱ्यांपैकी कुणीही दुवा उघडला नव्हता. हे मला पुढे कळलं, तोवर मात्र मी आठ दिवस हवेत होते.

नवव्या दिवशी फोन आला. तापीकाठच्या त्या शाळेचे मुख्याध्यापक होते.

"ताई, वरथून जे उनं ते आम्ही सुरू करी टाकं," ते म्हणाले.

"काय सुरू करं, गुरुजी?"

"पक्ष्यासनी हजेरी. आम्हनी शायाना नावपुढे लिखेल शे ना. नवा हजेरीपट आखा. कावळा रोज हजर शे. पन बगळा तीन दिन व्हई गयात, गैरहजर शे. त्याना पालकले नोटीस कसी देवानी?"

 मास्तर थट्टा करत नव्हते. त्यांनी सगळी नोकरी वरून आलेला कागद खाली मान घालून अमलात आणण्यात काढली होती. वेबसाइटही वरूनच येते, खालून थोडीच येते, असा त्यांचा हिशेब होता. शाळेच्या नावापुढे काही लिहून आलं म्हणजे तो आदेश. पक्ष्यांची हजेरी घ्या म्हटलं तर घ्यायची. बगळा आला नाही तर त्याच्या घरी कळवायचं. त्या क्षणी माझ्याकडून चूक झाल्याची शंकाही मला आली नाही, मी नुसती पोटभर हसले.

"बगळा शेतात ट्रॅक्टरच्या मागे असेल, गुरुजी. त्याला रजा द्या," मी म्हणाले.

"किरकोळ का वैद्यकीय?"

दुसरा फोन त्याच संध्याकाळी आला आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं. तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर द्विशिक्षकी शाळा आहे, तिथल्या बाई बोलत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते आणि हिशेब मिटला असता. पण त्या अगदी हळू बोलत होत्या.

पक्ष्यांची हजेरी त्यांच्या मुलांची होती. चौदा मुलं रोज पहाटे पाड्याभोवती हिंडून कोणतं पाखरू आलं, किती आली, कुठे बसली ते वहीत लिहायची. त्यातूनच मोजणं, लिहिणं, महिने, ऋतू सगळं शिकायची. पाड्यातल्या लोकांना ते पटत नव्हतं. पोरं पाखरं मोजतात, मग शिकतात कधी, असं एका मुलीचे वडील दर बैठकीत विचारायचे. बाई दोन वर्षं एकच उत्तर देत होत्या, की एक दिवस हे सगळं जगाला मोबाईलवर दिसेल, तेव्हा तुम्हीच बघा. वेबसाइट आल्याचं कळल्यावर बाई अख्ख्या पाड्याला घेऊन रेंज येते त्या टेकडीवर चढल्या. अंगणवाडीच्या सेविकेने मोबाईल हातात घेतला, शाळेचं नाव शोधलं आणि मोठ्याने वाचलं, निरंक. मग त्याचा अर्थ सगळ्यांना पावरीत, पाड्याच्या बोलीत, समजावून सांगितला.

"त्या मुलीचे वडील म्हणाले, बघा, मोबाईललाही माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्या दिवसापासून पहाटे पाचच मुलं येतात. बाकीच्यांना घरून सोडत नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच रात्री शीट उघडून, पेनड्राइव्हवरची मूळ यादी बघून सगळे प्रकल्प आपापल्या शाळेपुढे लावले. त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. सकाळी बाईंना फोन करून सांगितलं की दुरुस्ती झाली.

"झाली असेल," त्या म्हणाल्या. "पण पाडा पुन्हा टेकडीवर कसा चढवू?"

मी साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. म्हणाले, जाऊन माफी मागू, जीप मी सांगतो. निघायच्या आदल्या दिवशी तापीकाठच्या मुख्याध्यापकांनाही खरं काय ते सांगावंच लागलं. आदेश नव्हता, चूक होती, आणि हजेरी तुमची नाही, डोंगरावरच्या मुलांची आहे. 

"म्हंजे आम्हनं परत निरंक?"

मी त्यांना सांगितलं, उद्या आम्ही डोंगरावर माफी मागायला जातोय.

"मी बी येस," ते म्हणाले. "ज्यासनं शे त्यासले दाखाडाले जोयजे."

सकाळी शहाद्याच्या स्टँडवर ते आमच्या जीपमध्ये चढले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी आणि काखेत खाकी कव्हर घातलेला हजेरीपट. घाटाच्या प्रत्येक वळणावर ते हजेरीपट छातीशी धरायचे आणि साहेब मला धरायचे. मी दोघांवरही खेकसले. माफी मागायला जाताना माणूस नम्र असावा म्हणतात, पण घाटात दोन्हीकडून धक्के बसत असताना मला ते कधी जमलेलं नाही.

पाड्यावर पोचलो तर शाळेच्या अंगणात बरीच माणसं जमलेली. पोरांना निरंक ठरवणारी संगणकवाली कशी दिसते ते बघायला आली असावीत. मी उभी राहिले आणि माफी मागितली. रकाना कसा हलला ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी पावरीत भाषांतर केलं, पण कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. एक्सेलची गोष्ट पुण्यातल्या माणसालाही नीट सांगता येत नाही, मग इथे काय. त्या मुलीचे वडील मागे कुडाला टेकून उभे होते. ते काहीतरी बोलले आणि दोघं-तिघं हसले. बाईंनी त्याचं भाषांतर केलं नाही, म्हणून मला ते कळलं.

तेवढ्यात मुख्याध्यापक पुढे झाले. त्यांनी टोपी सरळ केली, मुलांसमोर जमिनीवर मांडी घातली आणि हजेरीपट उघडून ठेवला.

"तुमचं बघून आम्ही केलं," ते शाळेतल्या मराठीत म्हणाले. "बरोबर झालं का ते तपासून द्या."

मुलं आधी बुजली. मग त्यांच्यातली एक पुढे आली. चौथीतली मुलगी, हातात तांबडा पेन. ती कुडाला टेकलेल्या माणसाचीच मुलगी होती. तिने हजेरीपट तपासायला सुरुवात केली. आखणी सुरेख होती. पक्ष्यांची नावं अकारविल्हे. हजर आणि पुढे संख्या, गैरहजर, रजा, आणि दर रविवारी सगळ्या पक्ष्यांपुढे लाल शाईत 'सुट्टी'.

"रविवारी पाखरं कुठे जातात?" तिने विचारलं.

मुख्याध्यापकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आभाळाकडे पाहिलं.

"आणि कावळे रोज बाराच?" ती म्हणाली. "एकदाही अकरा नाहीत, तेरा नाहीत?"

"आमच्याकडे बाराच असतात."

"गुरुजी, तुम्ही मोजले की लिहिले?"

बाई दचकल्या. तिला गप्प करायला त्यांनी हात उचलला आणि मग तसाच खाली घेतला. मुख्याध्यापक हजेरीपटावर वाकले. कान लाल झालेले. इतक्या वर्षांत किती तपासण्या झाल्या असतील, किती अधिकारी येऊन सही करून गेले असतील. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"पहिले दोन दिवस मोजले," ते म्हणाले. "मग लिहिले."

मुलं हसली. भाषांतर न होताही मोठी माणसं हसली, कारण एक पांढऱ्या टोपीचा माणूस चौथीच्या पोरीसमोर चुकलो म्हणतोय, एवढं त्यांना दिसत होतं. मुख्याध्यापकही हसले. मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, मन्हा नावपुढे निरंकच ऱ्हाऊ द्या. खरं ते खरं." 

मुलीने 'निरंक' एवढं बरोबर ऐकलं. तो शब्द आता तिच्या चांगल्या ओळखीचा झाला होता.

"निरंक नको," ती म्हणाली. "त्यांनी दोन दिवस मोजले आहेत. शिकत आहेत, असं लिहा."

मग आम्ही सगळे टेकडीवर चढलो. मला वाटलं होतं चार-पाच जण येतील, पण कुणी मागे राहायला तयार नव्हतं. वर एका दगडाशेजारीच रेंज येते, तीही माणूस हलला नाही तर. मी दगडावर बसून मोबाईलवर शीट उघडली आणि तापीकाठच्या शाळेपुढे 'पक्ष्यांची हजेरी, शिकत आहेत' असं लिहिलं. मोबाईलने विचारलं, बदल जतन करायचे का. तो प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. पान उघडायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ कुणी पाय हलवला नाही. मग मी मोबाईल अंगणवाडीच्या सेविकेकडे दिला. तिने पाड्याच्या शाळेचं नाव वाचलं, पुढे 'पक्ष्यांची हजेरी' वाचलं, आणि चौदा मुलांची नावं एकेक करून वाचली. ती बाईंना विचारून मी आदल्या रात्री जागून टाकली होती. ज्याचं नाव येईल तो 'हजर' म्हणत होता.

बाई रडत होत्या. मलाही आवरलं नाही, पण वाऱ्यामुळे डोळ्यांत धूळ गेली म्हणून मी वेळ मारून नेली.

 आता त्या मुलीचे वडील पुढे आले, तिच्याशेजारी उभे राहिले आणि खाली दरीकडे बोट दाखवून तिच्याशी बराच वेळ पावरीत काहीतरी बोलले. तिने वही उघडली. वही पाहून नाही अशी मान हलवली, पुन्हा काही विचारलं. त्यांनी दोन्ही हात जवळ आणून केवढं ते दाखवलं, मग डोकं गर्रकन मागे वळवून दाखवलं. तेव्हा ती आमच्याकडे वळली आणि पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाली, "माझे बाबा म्हणतात, दिवसा ओरडणारा एक पिंगळा आहे, छोटं घुबड, तो आमच्या वहीत नाही. त्याचं झाड फक्त त्यांना माहीत आहे. उद्या पहाटे ते आमच्यासोबत मोजायला येणार आहेत."