दोन मुठींची करवत आणि धाकटीचं कोपर

प्लास्टर घातल्यापासून धाकटी एका जागी पाच मिनिटं बसलेली कुणी पाहिली असेल, तर त्याने पुढे यावं. दारात उभी, खिडकीशी उभी, पुन्हा दारात. उजवा हात गळ्यात लटकलेला आणि डाव्या हाताला जणू मुंग्या चावतायत: पडद्याची दोरी गुंडाळ, सोड, पुन्हा गुंडाळ. नवरा वैतागून म्हणाला, "अगं, हात मोडलाय ना? मग पाय का एवढे वळवळतायत?"

तिचं काम समजलं की ही तगमग समजते. ती लाकडाच्या वखारीत करवत ओढते. यंत्राच्या तोंडात न मावणारे जाडजूड ओंडके कापायला तिथे अजून माणसाच्या उंचीची करवत आहे, दोन्ही टोकांना एकेक मूठ. एका मुठीवर धाकटी, दुसरीवर तिची थोरली जाऊ. जावा जावा, उभा दावा, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी वखारीत येऊन बघावं. ह्या दोघींचा दावा रोज आठ तास चालतो आणि त्यातून फळ्या निघतात.

करवतीचा नियम एकच. थोरलीने तो धाकटीला पहिल्याच दिवशी शिव्या घालून शिकवला होता: ओढायचं, ढकलायचं नाही. मी ओढते तेव्हा तू नुसती ये. तू ओढशील तेव्हा मी येईन. ढकललं की पातं वाकतं, अडकतं, फळी वाकडी निघते. "ढकलणारी" ही त्या वखारीतली सगळ्यात मोठी शिवी.

तर एका सकाळी धाकटी ओंडक्यांच्या ढिगावरून घसरली आणि उजवा हात कोपराजवळ मोडला. सहा आठवडे प्लास्टर. वखारवाला बघायला आला, पाणी प्याला आणि उठता उठता म्हणाला, "दहा आठवड्यांनी मोठा ओंडका येतोय. बारा माणसांच्या टेबलाची फळी काढायचीय, अखंड. तोवर हात चालला तर मूठ तुझी. नाहीतर माझा मेहुणा धरेल."

"आणि एकदा धरली की सोडेल?" थोरलीने विचारलं.

"सोडेल कसा? त्याची बहीण माझ्या घरात आहे. मला दोन वेळा जेवायचं असतं!"

तो हसला. ह्या दोघी हसल्या नाहीत.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला, तो धाकटीला ओळखताच येईना. पांढुरका, कातडीची सालपटं निघालेला, दंड आटून काठी झालेला. कोपर वाकलेलं ते वाकलेलंच.

"हा कुणाचा हात लावलाय मला?" ती फिजिओबाईंवर उखडली. फिजिओबाई म्हणजे रुग्णालयात व्यायाम देणारी, अंगाने बारीक आणि जिभेने खमकी.

"तुमचाच आहे. स्नायू झिजलेत. वापरले नाहीत की शरीर त्यांना पोसत नाही."

"सहा आठवड्यांत? अहो, बारा वर्षं राबवलाय मी ह्याला! काही ओळखदेख?"

"स्नायूला ओळखदेख नसते. काम असेल तर जाड, नसेल तर रोड."

मुलांनो, शाळेच्या पुस्तकात ह्याचं चित्र असतं. कातडी सोललेला लाल माणूस, अंगभर बाण आणि बाणांच्या टोकाला अवघड नावं. तो लाल माणूस पोट कशावर भरतो, हे कुणी लिहीत नाही, आणि मग तुम्ही पाठ करता नि विसरता. त्यापेक्षा धाकटीचा दंड बघा. पुढच्या बाजूला एक स्नायू, त्याचं नाव द्विशिर. मागच्या बाजूला दुसरा, त्रिशिर. दोघेही कंडरांनी, म्हणजे चिवट दोऱ्यांनी, हाडांना बांधलेले. स्नायूच्या आत बारीक धागे, त्या धाग्यांत आणखी बारीक धागे. मेंदूकडून चेतातंतूंमार्फत निरोप आला की ते एकमेकांत सरकतात, दोन हातांची बोटं एकमेकांत शिरावीत तसे. मग अख्खा स्नायू आखूड होतो आणि हाड ओढलं जातं. तुमच्या अंगात सहाशेच्या वर असे हाडं हलवणारे स्नायू आहेत. सगळ्यांना एवढंच येतं.

फिजिओबाईंनी दोन व्यायाम दिले. एक, पाण्याची बाटली हातात धरून कोपर वाकवायचं. दुसरा, भिंतीला तळहात टेकवून भिंत ढकलायची.

धाकटीने पहिला घेतला, दुसरा तिथेच टाकला. ढकलायची? आणि तिने? "मला काय बंद पडलेली गाडी ढकलायचीय? माझं काम ओढण्याचं." बाटली मात्र तिने सोडली नाही. चुलीपाशी बाटली, जिन्यात बाटली, नवऱ्याशी भांडतानाही हात वर-खाली चालूच. तीन आठवड्यांत दंडावर पुन्हा बेटकुळी उठली. ती आल्यागेल्याला बाही वर करून दाखवू लागली.

मोठा ओंडका यायला आठ दिवस उरले तेव्हा थोरलीने एक मधला ओंडका घोडीवर, कापायच्या लाकडी तिवईवर, चढवला. "चल, बघू तुझी बेटकुळी."

धाकटीने ओढलं. झक्कास. मग थोरलीने ओढलं, आणि करवत निम्म्यावर हिसका देऊन थांबली.

"अगं, ये की!"

"येतेय!"

"कुठे येतेयस? खुंटाला बांधल्यासारखी उभी आहेस!"

पुन्हा ओढलं, पुन्हा हिसका. चौथ्या खेपेला पातं लाकडात असं रुतलं की पाचर ठोकून काढावं लागलं. फळ्यांच्या थप्पीवर बसून चहा पिणारा मेहुणा म्हणाला, "वहिनी, ती मूठ जरा पुसून ठेवा हं. माझ्या हाताला घाण चालत नाही."

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चहा तसाच खाली ठेवला. मग तिने धाकटीला दंडाला धरून थेट रुग्णालयात नेलं.

फिजिओबाईंनी हात चाचपला. पुढचा स्नायू टणक आणि आखडलेला, मागचा पिळपिळीत. "भिंत ढकलत होता ना?"

धाकटी छताकडे बघत राहिली.

"ती कशी ढकलेल?" थोरलीच बोलली. "ढकलू नकोस म्हणून मीच तिला बारा वर्षं बडवलंय."

"ढकलतंय कोण?" फिजिओबाई थोरलीला म्हणाल्या. "तुम्ही इकडे या. हिच्या दंडाच्या मागे बोटं ठेवा. हं," मग धाकटीला, "आता तुम्ही भिंत रेटा."

धाकटीने नाक मुरडत भिंत रेटली. थोरलीच्या बोटांखाली मागचा स्नायू कसाबसा उठला, थरथरला.

"कळलं? हा मागचा आखूड होतोय आणि कोपराचं टोक ओढतोय. म्हणून हात सरळ होतो. बाहेरून ढकलणं दिसतं, आत ओढणंच चाललंय. स्नायूला ढकलता येतच नाही."

थोरलीने बोटं तशीच ठेवली. "म्हणजे आतसुद्धा दोन मुठी?"

"तसंच. पुढच्याने ओढलं की मागच्याने सैल पडायचं, मागच्याने ओढलं की पुढच्याने. हिचा मागचा उपाशी, आणि वर दोघेही एकदम ओढून बसलेत. मोडलेला हात घाबरला की असं करतो."

"मी नाही घाबरत कुणाला!" धाकटी उसळली.

"तुम्ही नाही हो. हात."

त्या दिवसापासून धाकटीने दिसेल ती भिंत ढकलली. घराची, वखारीची, दवाखान्याच्या रांगेत उभी असताना दवाखान्याची. नवरा म्हणाला, "जरा बेताने, एक दिवस आपलं घर शेजारच्यांच्या अंगणात सापडेल." हात थकून लटपटायचा. ती चार येरझाऱ्या घालायची आणि पुन्हा रेटायची. रोज सकाळी दंड दाराला टेकवून हात सरळ करायची आणि मनगट दारापासून किती बोटं लांब उरतं ते मापायची. आठ बोटं. सात. पाच. मग दोन दिवस पाचावरच अडलं, तेव्हा तिने नवऱ्यालाही बोलायची सोय ठेवली नाही.

ओंडका आला त्या सकाळी तिची छाती धडधडत होती. हृदयही स्नायूच आहे, पण त्याची जात वेगळी. ते दिवसाला लाखभर ठोके देतं आणि दोन ठोक्यांच्या मध्ये मिळेल तेवढीच उसंत घेतं. जठर-आतड्यांच्या भिंतीत तिसऱ्या जातीचे स्नायू असतात, मृदू. तेही कुणाचा हुकूम ऐकत नाहीत, आणि त्या सकाळी तिच्या पोटात त्यांनी नुसता पीळ भरला होता. हाताला ती दटावू शकत होती. ह्या दोघांपुढे तिचं काही चालेना.

वखारवाला हाताची घडी घालून उभा. शेजारी मेहुणा, बाह्या दुमडून तयार.

करवत चालली. भुसा पडू लागला. पण दर वेळी थोरलीच्या ओढीच्या अगदी शेवटी एक बारीक हिसका बसायचा. धाकटीचं कोपर त्यापुढे सरळ होत नव्हतं. वखारवाल्याने तो हिसका ऐकला. मेहुण्यानेही ऐकला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

थोरली थांबली. धाकटीने मान खाली घातली. आता जाऊबाई बोलणार, हे तिने गृहीतच धरलं.

"किती बोटं कमी आहेत?" थोरलीने विचारलं.

"चार."

"बरं. मी चार बोटं कमी ओढते."

तिने पाय अर्धी वीत पुढे घेतले आणि मूठ धरली. जी बाई कुणासाठी कधी एक बोटभरही मागे हटली नव्हती, ती मोजून आखूड ओढू लागली. हिसका गेला. करवत सरळ, पण तोकडी चालू लागली.

"अहो, अशाने आज नाही व्हायचं," वखारवाला म्हणाला. "उद्या दुपार उजाडेल."

"मग उजाडू दे. टेबलाला भूक लागलीय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी फळी सुटून घोडीवर पडली. वखारवाल्याने तिच्यावर सुतळी ताणून धरली, एका अंगाने, मग दुसऱ्या. कुठे फट दिसेना. चांगलं बोलायची त्याला सवयच नव्हती. मेहुण्याला म्हणाला, "बघतोस काय? धर ते टोक. उचल."

धाकटीचा दंड आतल्या आत फडफडत होता, न सांगता, आपल्या आपण. तिने तो डाव्या हाताने दाबून धरला.

"हे चार बोटांचे लाड मी जन्मभर करायची नाही," थोरली भुसा झटकत म्हणाली. "कोपर सुटलं की सांग."

"सांगायचं कशाला? ज्या दिवशी माझ्या ओढीने तुमचं नाक ओंडक्यावर आपटेल, त्या दिवशी समजा."