एसटीनं आलेला समोसा

समोसा मूळचा कुठला, यावर आमच्या गाड्यासमोर रोज संध्याकाळी वाद व्हायचा, आणि वाद घालणारे दोघंही तो खाता खाताच घालायचे. एक निवृत्त मास्तर, दुसरे लष्करातून परतलेले सुभेदार. अब्बांचा गाडा मलकापुरात, महामार्ग सोडून रस्ता गावात वळतो त्या तोंडाला. मी तेव्हा कराडला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. येताना गाड्यापाशी थांबायचे, मदत करायला म्हणून. खरं तर भांडण ऐकायला.

सुभेदारांचं म्हणणं ठरलेलं. "समोसा पंजाबचा. अमृतसरला असताना खाल्लाय मी, ह्या मुठीएवढा. एक खाल्ला की दुपारचं जेवण माफ!"

मास्तर सांगलीचे. ते शांतपणे घास संपवायचे, बोटं पुसायची, आणि मग सुरू. "सुभेदार, तुमी तिथं खाल्ला म्हणून तो तिथला होतो व्हय? उद्या तुमी दिल्लीत आमच्या सांगलीचं भडंग खाल्लं तर ते काय दिल्लीचं झालं?"

भडंगाला हात लावायची सुभेदारांची टाप नव्हती. मग ते माझ्याकडं वळायचे. "तू सांग गं, कॉलेजवाली." आणि मला तर तोंड घालायला निमित्तच हवं असायचं. "आवं, करंजीला तिसरा कोपरा काढला की समोसाच झाला की! दिवाळीचा फराळ हाय ह्यो, चुकून तिखट झालेला." दोघंही माझ्यावर तुटून पडायचे. लय मजा यायची.

अब्बा त्यात कधी पडायचे नाहीत. झारा कढईच्या कडेवर आपटून म्हणायचे, "गरम हाय तवर खावा. गार झाल्यावर कुठलाबी असंना, चव न्हाई लागायची."

खरं तर आमचा समोसा पंजाबी नव्हताच. पंजाबी समोसा फुगीर, बुडावर बसणारा. आमचा चपटा, पट्टीचा. अम्मी दोन पातळ पोळ्या मध्ये तेल-पीठ लावून एकत्र लाटायची, तव्यावर अर्ध्याकच्च्या भाजायची, आणि गरम असतानाच एकमेकींपासून सोडवायची. गार झाल्या की त्या सुटत नाहीत, फाटतात. मग कापून पट्ट्या करायच्या आणि ओल्या फडक्यात झाकून ठेवायच्या. ते सोडवायचं काम माझ्याकडं होतं. बोटं भाजायची, मी बोंबलायचे, अम्मी म्हणायची, "बोंबल, पण फाडू नको."

अम्मी जतची. तिला हा वादच कळायचा नाही. "आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा. तो कुठनं आला म्हणून कुणी विचारलं न्हाई कवा. घागर पुढं केली." असं म्हणून ती पुढची पोळी लाटायला घ्यायची.

आता आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळून पोरं दमायची, त्यांच्या खाण्याचं अब्बांकडं असायचं. ते कधी ठरवलं, कुणी ठरवलं, कुणालाच आठवत नव्हतं. पण एक रीत होती. गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आणि सुभेदार जोडीनं आमच्या दारात यायचे. पानसुपारी आणि नारळ. "भाई, पोरं भुकेजतात, तेवढं बघा," एवढंच बोलायचे. समोसा हा शब्दसुद्धा निघायचा नाही. अब्बा दोन्ही हातांनी नारळ घ्यायचे, अम्मी चहा ठेवायची, आणि त्याच नारळाची हिरवी चटणी विसर्जनाला समोशाबरोबर जायची. नारळ आला की पट्ट्यांना सुरुवात. त्याआधी अम्मी लाटणं हातात घ्यायची नाही.

त्या वर्षी श्रावणात मास्तरांनी कुठल्याशा पेपरची रविवारची पुरवणी आणली. घडी घालून खिशात, गाड्यापाशी येऊन उलगडली. "वाचा, सुभेदार. समोसा इराणाकडचा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आला. पंजाब तर वाटेत लागला त्याच्या!"

सुभेदार लालबुंद. "पेपरात काय, कायबी छापत्यात!"

मी हसत होते. अब्बाही गालात हसत होते. गाड्यापाशी आणखी तिघं-चौघं उभी होती, त्यांत एक नवा माणूस होता, कराडात कुठंसं नोकरीला लागलेला. चांगला इस्त्रीचा शर्ट. तोही हसत होता. हसत हसतच म्हणाला, "म्हणजे समोसाबी बाहेरचा आणि करणाराबी."

मुंबईच्या दंगलींना तेव्हा वर्ष-दोन वर्षं होऊन गेली होती. आमच्याकडं काही झालं नव्हतं. कुणी एक शब्द वाकडा बोललं नव्हतं. पण बातम्या लागल्या की अब्बा रेडिओचा आवाज कमी करायचे, एवढा फरक घरात पडला होता. त्या माणसाचं वाक्य ऐकलं तेव्हा माझ्या हातात चटणीचा डाव होता, तो त्याच्या त्या शर्टावर उपडा करावा असं वाटलं. केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

अब्बांनी कढईतले समोसे उलटले. मग मान वर करून म्हणाले, "बाहेरचाच की मी. कडेगावचा. एसटीनं आलोय."

सगळे खो-खो हसले. तो माणूससुद्धा. पुढ्यातला समोसा संपवून, हात पुसून निघून गेला. तो पुन्हा कधी गाड्यावर आला नाही. त्याचं तेवढंच काम होतं जणू.

पण सुभेदार हसले नव्हते. तो गेल्यावर ते मास्तरांवर फिरले. "ह्ये तू सुरू केलंस. इराण आन् तांडे! कशाला आणलास तो कागद?"

"छापलंय ते वाचलं मी. त्यो काय बोलला त्याला मी काय करू?"

"तोंड उघडायची वाट तूच दाखवलीस त्याला!"

"सुभेदार, तोंड सांभाळून."

अब्बा दोघांच्या मधे गेले. "जाऊ द्या हो, खाण्यावरनं कोण भांडतं व्हय," म्हणाले. पण मास्तरांनी पुरवणीची घडी घातली आणि वळून चालू लागले. सुभेदारांनी हातातला अर्धा समोसा कागदात तसाच ठेवला. त्यांना अर्धा समोसा टाकताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तिथून दोघांचा अबोला. एक आला की दुसरा यायचा नाही. मास्तर लवकर यायचे, सुभेदार उशिरा, आणि दोघंही गप्प खायचे. वाद नसलेला गाडा मला बघवेना. अब्बा म्हणायचे, "गणपतीत बोलतील." मी मान डोलवायचे, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कॉलेजात तासाला बसलं की तोच इस्त्रीचा शर्ट डोळ्यांपुढं यायचा. कडेगाव सोडून अब्बांना कितीतरी वर्षं झाली होती. आमच्या मोहरमच्या ताबुताला तिथं सगळ्या जातीची माणसं खांदा द्यायची, आणि त्यात बाहेरचं कोण हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं. मग इथंच का? असं सगळं मनात चालू असायचं.

गणपती बसले. गौरी आल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. अम्मीनं चहाचं आधण ठेवलं. कुणी आलं नाही. आधण आटलं, तिनं पुन्हा पाणी घातलं. मी दारातून रस्त्याकडं आणि रस्त्याकडून दाराकडं. गल्लीत चप्पल वाजली की धावायचे. दूधवाला, शेजारची पोरगी, आणखी कुणी. दुपारी अब्बा उठले आणि गाड्यावर गेले.

"उद्या येतील," अम्मी म्हणाली.

उद्याही कुणी आलं नाही. परवाही. मंडपातून आरती ऐकू यायची, आमच्याच भिंतीपलीकडं. मला ती पाठ होती, पण त्या वर्षी नुसती कानावर आपटायची. बोटं दाराच्या कडीवर ठोकत मी बसायचे, अम्मी ओरडायची. अब्बा मात्र काहीच बोलायचे नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. अहो, काहीतरी म्हणा! चिडा! शिव्या द्या! पण ते फक्त रोज सकाळी धुतलेला सदरा घालायचे.

विसर्जनाच्या आदल्या सकाळी अम्मीनं विचारलं, "पट्ट्या करायच्या का?"

अब्बा म्हणाले, "नारळ आला का?"

"न्हाई."

"मग कशाच्या पट्ट्या?" म्हणाले आणि खाली बघत राहिले. त्यांचा आवाज इतका साधा होता की मला राहवलंच नाही. चपला घातल्या आणि थेट मंडपात गेले.

मंडपात मिरवणुकीची तयारी चालली होती. मास्तर एका टोकाला खुर्चीवर, सुभेदार दुसऱ्या टोकाला ट्रॉलीपाशी. मी मधोमध उभी राहिले. आवाज मोठाच निघाला. "आमच्याकडं नारळ का आला न्हाई? अब्बा रोज सदरा घालून बसत्यात. द्यायचा नसंल तर सांगा, म्हणजे तो सदरा तरी कपाटात ठेवीन मी!"

सगळी पोरं थांबली. मास्तरांनी सुभेदारांकडं पाहिलं. सुभेदारांनी मास्तरांकडं. श्रावणानंतर पहिल्यांदा.

"तू गेला न्हवतास?" मास्तर.

"मी? मला वाटलं तू गेलास. तूच दरसाल नारळ आणतोस."

"आन् हाक तू मारतोस. तू मला हाक मारली न्हाईस, म्हणून मी समजलो तू एकटाच जाऊन आलास."

पोरं म्हणाली, आम्हाला वाटलं तुम्ही दोघं गेलात. कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. दोघं म्हातारे समोशावरून रुसले आणि आमचा नारळ त्यांच्या रुसव्यात अडकला. मास्तर डोक्याला हात लावून मटकन बसले. सुभेदार तसेच अनवाणी आमच्या घराकडं निघाले, मागून मास्तर नारळ घेऊन धावत. दारात पोचल्यावर सुभेदार "भाई, चुकलं," एवढंच म्हणाले.

अब्बांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला. हसले. "आवं, मला माहीत होतं तुमी येणार," म्हणाले. अम्मीनं चहा टाकला आणि चहा उकळायच्या आत पीठ मळायला घेतलं. दुपारभर मी पट्ट्या सोडवल्या. बोटं भाजली, पण एकदाही बोंबलले नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक कोयनेकडं निघाली. सुभेदारांनी लाऊडस्पीकर हातात घेतला आणि सांगितलं, "समोसा मलकापूरचा. कुणाची हरकत असंल त्यानं मला येऊन भेटावं." मास्तरांनी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. वाद संपला. पुढं गाड्यावर कुणी इराण काढला नाही, पंजाबही नाही. मलकापूरचा म्हणजे मलकापूरचा. आणि नारळ खरंच चुकून राहिला होता, त्यात काळंबेरं काही नव्हतं. मी तेव्हाही मानलं, आजही मानते.

पुढच्या वर्षी गणपती बसायला आठवडा असताना, मी कॉलेजातून लवकर घरी आले तर अब्बा तोच सदरा घालून आरशापुढं उभे. कोनाड्यात नवा नारळ.

"कुठं निघालात?"

"मास्तरांकडं. मग सुभेदारांकडं. जरा आठवण करून येतो."

अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आवं, आठवण कशाला? ते येत्यात की नारळ घेऊन. दरसाल येत्यात."

"येतील गं."

"मग?"

"आपण गेलेलं बरं."

रडू येत होतं, रागही येत होता, कुणावर ते कळत नव्हतं. त्यांना हसवायला म्हणून मी म्हटलं, "अब्बा, तुमी कशाला जाता? तुमी कडेगावचे. एसटीनं आलाय!"

ते हसले नाहीत. चपला घातल्या, नारळ काखेत धरला आणि गेले.