एक घमेलं जास्त

तो ठेकेदार माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. मीच जाऊ दिला नाही.

वडील कोबा, म्हणजे घरातली सिमेंटची जमीन, करणारे गवंडी. मुरगूडला एका घराच्या वास्तुशांतीला पंगत बसलेली, मी दहावीत, वडिलांच्या शेजारी. ठेकेदारानं पुढच्या सोप्यातल्या कोब्याच्या तड्यांवर पाय आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पावणं, बघा हे. गवंड्यानं सिमिट खाल्लंय." वडिलांनी हातातला घास पानात ठेवला आणि उठले. परत थापी धरली नाही.

मी डिप्लोमा केला तो खुन्नस म्हणून. तिथं कळलं, सिमेंट जास्त झालं की कोबा सुकताना जास्त आकसतो आणि तडकतो. आणि वडील तर नव्या घराला बरकत यावी म्हणून सांगितल्यापेक्षा एक घमेलं सिमेंट हमखास जास्त घालायचे! हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

पुढं मीही कोब्याचीच कामं धरली. साखर कारखान्यात उसाची चिपाडं जळून उरलेली राख ट्रॉलीनं आणायची, अर्धवट जळके काळे कण जातील अशी बारीक चाळायची. पाच घमेली सिमेंटमधलं एक काढून त्या जागी ती घालायची. वर ओली पोती, आणि इतरांपेक्षा जास्त दिवस पाणी. सुरुवातीचे दोन कोबे पाणी कमी पडून पोपडे धरून उखडले. लोक मला राखुंडीवाली म्हणायचे. म्हणू देत.

गेल्या वर्षी त्याच ठेकेदारानं कसबा बावड्यात बंगला बांधला. मी कुणाची पोरगी हे त्याला ठाऊक नव्हतं. काम मी मागून घेतलं. राखेबद्दल अवाक्षर काढलं नाही. वाचलेली सिमेंटची पोती त्याच्याच जिन्याखाली रचून ठेवली, वर ताडपत्री.

वास्तुशांतीला वडिलांना हट्टानं नेलं. पंगतीत ठेकेदार मिशीला पीळ देत म्हणाला, "केसाएवढा तडा न्हाय! काय बिशाद हाय फुटायची? सिमिट घातलंय, सिमिट!"

मी उठले, ताडपत्री ओढली. "ही तुमची पोती, काका. मी सिमेंट खाल्लंय. आता तडा दाखवा."

त्याची नजर वडिलांवर गेली आणि त्याला सगळं उमगलं. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

"मग तुझ्या बाचा कोबा कशानं फुटला गं?" तो गुरगुरला.

याच प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट बघत होते. "जास्त सिमेंटनं! घराला बरकत यावी म्हणून एक घमेलं जास्त घालायचे ते. चोर म्हणालात तुम्ही त्यांना!"

ठेकेदारानं मान खाली घातली. मी विजयानं वडिलांकडं वळले.

त्यांनी हातातला घास पानात ठेवला होता.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "माझ्याच हातनं फुटला व्हय?" आणि उठले.