आजारी म्हणून वाचलेलं पत्र

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हांला सांगतो.

पहिल्या लढाईचे दिवस. असोद्यात इंग्रजी तिसरीपर्यंत गेलेला मी एकटा. कुणाचं इंग्रजी पत्र आलं की मला बोलावणं यायचं, आणि मी — खोटं कशाला बोलू — पाटावर बसून, दोनदा खाकरून वाचायचो. शेजारच्या नानांचा मुलगा बसऱ्याला लढाईवर होता. त्याच्या पलटणीचं पत्र आलं. एका शब्दाशी अडलो. सगळं घर तोंडाकडे बघत होतं — येत नाही म्हणायचं कसं? आजारी आहे, असं ठोकून दिलं.

आठवड्याने जळगावला मास्तरांच्या कोशात पाहिलं. डिसीज म्हणजे आजार. पत्रातला शब्द होता डिसीस्ड — मयत.

परतताना सांगायचं ठरवलं होतं. वेशीतच नानांची सून सोना भेटली. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून मारुतीला नवस बोलून आली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी काय केलं? गप्प घरी आलो. माझं लग्न ठरत होतं, आणि मुलीकडच्यांना माझ्या इंग्रजीचं भारी कौतुक.

सोनाची सासू, अक्का, येऊन बसायची. "भाऊ, बरं वाटलं का माह्या पोराले, येवढं लिही." मी लिहायचो. टपालाच्या पेटीत टाकत नव्हतो.

माघात माझी हळद. आईने पहिला मान सोनाला दिला — सवाष्ण ना ती! तिचा हात गालाला लागला आणि मी अंग चोरलं. साऱ्या मांडवात ठाऊक मला एकट्याला, आणि विटाळ मानला तोही मीच. "भाऊजी लाजले वं!" म्हणून ती हसली.

चैत्रात पलटणीकडून नानांच्या मुलाची ट्रंक आली, मेल्याच्या तारखेचा कागद आत. मग गावाची तोंडं सुटलीच. मेलेल्याचं कुंकू लावून मांडवांत मिरवली म्हणे. हिला माहीत असणार म्हणे. जिथे जिथे तिने हळद लावली तिथून शिव्या आल्या. माझ्या आईनेही दिल्या. मी ओट्यावर दाढी करत होतो. ऐकलं.

नानांनी तिला भडगावला माहेरी धाडायचं ठरवलं. गाडीत चढताना ती माझ्याकडे वळली.

"भाऊजी, पत्र तुम्हीच वाचलं होतं नं? आजारी हाये म्हने. सांगा नं समद्यायले."

मी म्हणालो, आठवत नाही.

शब्द न् शब्द आठवत होता.

गाडी गेली. दुपारी कुणाचं तरी पत्र आलं होतं, ते मी वाचून दिलं.