पन्नास नंबरचा पत्ता

अमरावतीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरचं काम पाहतो. माझ्या हाताखाली नवी मुलगी येण्याआधीची तीन वर्षं आमची सकाळ बहुतेक एकाच वाक्याने सुरू व्हायची. "सर, प्रिंट नाही निघून राहिली."

कारण साधं होतं. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, त्याला आम्ही पत्ता म्हणतो. लाइट जाऊन आली की आमच्या चार प्रिंटरांना नवेच पत्ते मिळायचे, आणि कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर कागद पाठवत बसायचे. मी प्रत्येक टेबलाशी जाऊन नवा पत्ता टाकायचो. प्रिंटर घरघरला की आस्थापना विभागाच्या मोठ्या मॅडम म्हणायच्या, "सर हायेत म्हणून चालू हाय आपलं."

मला ते फार आवडायचं. मी हिवरखेडचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो अकोल्याच्या कॉलेजात, आणि तोही प्रयोगशाळेच्या सहायकांनी मधल्या सुट्टीत बसू दिलं म्हणून. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. नोकरी लागल्यावर आई एकदा ऑफिसात आली होती. तासभर बाकावर बसली. बसस्टँडवर जाताना एवढंच म्हणाली, "मोजलं म्या. अकरा डाव तुले सर म्हणलं."

ती नवी मुलगी अकोल्याची. पहिले दोन-तीन आठवडे काम पाहून तिला ठेवायचं की नाही ते साहेब ठरवणार होते. वडील शिक्षक, घरी ती चौथीत असल्यापासून कॉम्प्युटर. हे तिने डबा खाताना सहज सांगितलं, बढाई मारून नाही. तरी त्या दिवशी माझी अर्धी पोळी डब्यातच राहिली. कीबोर्डवर तिची दहाही बोटं चालायची. माझी अजून चारच चालतात.

दुसऱ्या आठवड्यात लाइट गेली. ती माझ्यामागे दोन टेबलं फिरली आणि म्हणाली, "सर, प्रिंटरले एकदाचा पक्काच पत्ता काहून नाही देऊन टाकत?"

तसं करता येतं हे मी कुठेतरी वाचलं होतं. शिकलो मात्र नव्हतो. शिकलो असतो तर सकाळी मला कोणी बोलावलं नसतं, हा विचार तेव्हा मनात होता की नाही, हे आज मला खात्रीने सांगता येत नाही.

तिने अर्ध्या दिवसात तीन प्रिंटरांना पक्के पत्ते दिले. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय हो." माझ्याबद्दल हुशार हा शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता. चौथ्या प्रिंटरच्या वेळी ती माझ्या टेबलाशी आली. "सर, पन्नास नंबर कोणी वापरून राहिलं का? मी तपासलं, कोणी उत्तर देत नाही."

पन्नास नंबर दारावरच्या थंब मशीनचा होता. आम्ही सकाळी आणि संध्याकाळी ज्यावर अंगठा लावून हजेरी देतो, ते मशीन. तो नंबर मीच दिलेला, माझ्या वहीत लिहिलेला. मशीन उत्तर देत नव्हतं, कारण आमचे शिपाई चाचा ते साडेदहाला बंद करून ठेवायचे आणि पाचला पुन्हा लावायचे. "मशीनले भी आराम पाहिजे ना," असं त्यांचं म्हणणं. उशिरा येणारा रजिस्टरवर सही करायचा. ही पद्धत इतकी जुनी झाली होती की नव्या माणसाला सांगायचं कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

माझ्या लक्षात होतं.

"रिकामा असन," मी म्हटलं. "घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या मॅडमचा, म्हणजे तो चौथा, प्रिंटर चालेना. साडेदहानंतर आपोआप चालू झाला, पाचला पुन्हा बंद. एकाच पत्त्यावर दोन यंत्रं, त्यामुळे कोणाचं काही धड कुठे पोचत नव्हतं. अंगठेही साहेबांच्या कॉम्प्युटरपर्यंत गेले नाहीत. अकरा वाजता हजेरीची यादी निघाली तर सगळं ऑफिस गैरहजर, साहेबांसकट.

"म्हणजे मी बी नाही आलो आज," साहेब म्हणाले. कोणी हसलं नाही.

तीन दिवस हे चाललं. तिने तार बदलली, प्रिंटर नव्याने जोडला. ती तपासायला बसायची ती दुपारी, आणि दुपारी सगळं ठीक असायचं. लोक बोलायला लागले. "जुनंच बरं होतं." "शिकलेली लेक हाय तं काय झालं, अनुभव लागते." मोठ्या मॅडम माझ्याकडे आल्या. "सर, तुमीच पाहा ना एक डाव."

"त्यायचं काम हाय, त्यायलेच पाहू द्या," मी म्हटलं. त्या तीन दिवसांत मला जेवण गोड लागलं, हे लिहायला लाज वाटते.

शुक्रवारी साहेबांनी तिला सांगितलं, "सोमवारी बोलू तुमच्याबद्दल." तिचा चेहरा उतरला. पाच वाजता ती दाराशी चाचांजवळ उभी होती. चाचांनी बटण दाबलं, मशीन लागलं, आणि मिनिटभरात आतून मॅडमचा आवाज आला, "गेला पाहा पुन्हा." ती मशीनकडे पाहत राहिली. मग तिने ते भिंतीवरून हळूच उतरवलं आणि उलटं केलं. मागे एक चिठ्ठी चिकटवलेली होती. '५०. बदलू नये.' अक्षर माझं. तीन वर्षांपूर्वी मीच चिकटवली होती आणि साफ विसरलो होतो.

ती माझ्याकडे वळली नाही. आत जाऊन तिने प्रिंटरला साठ नंबर दिला आणि घरी गेली.

सोमवारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. तीच आधी बोलली. "साहेब, चूक माझी झाली. सरांनी मशीनच्या मागे नंबर लिहून ठेवला होता, मी पाहिला नाही."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं काम पक्कं असते."

तिच्या घरच्या कॉम्प्युटरचा, तिच्या वडिलांचा, तिच्या दहा बोटांचा मी हेवा केला होता. पण खरं माहीत असून ती हे इतक्या सरळ आवाजात बोलू शकली, त्याचा जो हेवा वाटला, तसा आधी कधी वाटला नव्हता. तो मला उभ्याने सोसवेना.

"साहेब, त्यांनी मले विचारलं होतं," मी म्हटलं. "मले माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"काहून?"

उत्तराची वाट न पाहता साहेबांनी तिला ठेवून घेण्याच्या कागदावर सही केली. मला म्हणाले, "तुमची ती वही यांना दाखवा. तुमच्याशी मी मग बोलीन." पुढे बोलले ते थोडकंच होतं, आणि मला पुरेसं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तीन दिवस घरी जाऊन रडली मी, सर."

"हो," मी म्हटलं.

"वही आणा."

तिने बारा पानांची झेरॉक्स काढली आणि वही मला परत दिली. तिच्या जागी मी असतो तर वही ठेवून घेतली असती.

दुपारी लाइट गेली आणि आली. मी सवयीने खुर्चीतून अर्धा उठलो. चारही प्रिंटर चालू होते. मी परत बसलो.

रविवारी हिवरखेडला आईने विचारलं, "आता किती डाव म्हणतात रे तुले सर?"

"कमी," मी म्हटलं. "काम चांगलं चालू हाय म्हणून." तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. तिने ताटात आणखी एक भाकर वाढली.