गणितात सात

धाकट्या बहिणीला गणितात सात गुण पडले, तेव्हा घरात कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. शांतता म्हणजे आमच्या भिवंडीतली. शेजारच्या कापड कारखान्यातले लूम खडखडत होतेच, ते काही कुणाच्या नापास होण्यासाठी थांबत नाहीत. अप्पा शाळेत गणित शिकवायचे. आई म्हणाली, "फेरतपासणीचा अर्ज करूया." अप्पा कडाडले, "मास्तरानं मास्तराच्या तपासणीवर संशय घ्यायचा? आपलाच दाम खोटा." बहिणीनं त्यानंतर त्या पेपराचा शब्द काढला नाही.

मुलींना शिक्षिका होता यावं म्हणून एका संस्थेनं घेतलेली ती प्रवेश परीक्षा. त्या निकालानंतर वर्षभर बहीण घरात बसून चाकावर कारखान्यासाठी सुताच्या कांड्या भरत होती. परीक्षेला पुन्हा बस म्हटलं की ती चाक आणखी जोरात फिरवायची. यंदाची परीक्षा तिची शेवटची, पुढल्या वर्षी वय बसत नव्हतं. ती गेली नाही तर जन्मभर सूतच गुंडाळणार होती.

मी मुंबईत एका संगणकाच्या कचेरीत होते आणि त्याच परीक्षेचे निकाल आमच्या यंत्रावर निघायचे. शाळेनं लिहिलेलं नाव आणि परीक्षा केंद्रानं लिहिलेलं नाव कधी तंतोतंत जुळायचं नाही. म्हणून ती जुळवणारा एक तयार प्रोग्रॅम यंत्राबरोबर परदेशातून आला होता. त्याला नावाचा साचा द्यायचा: इथं हे अक्षर असेल किंवा ते, इथं काहीही चालेल. नाव जितकं लांब तितका साचा लांब, पण तो ठेवायला यंत्राच्या स्मृतीत ठरावीकच जागा होती. ती कुणाला पुरेल आणि कुणाला नाही, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्या तालुक्यातल्या गावांत मात्र अर्ध्या गावाचं आडनाव एक, आणि आजी-आजोबांची नावं नातवंडांना ठेवायची रीत. एका वर्गात एकाच नावाच्या तिघी निघायच्या. म्हणून मास्तर लोक मुलीचं नाव, बापाचं, आजोबांचं, मग आडनाव आणि शेवटी गावाचं इंग्रजी आद्याक्षर लिहायचे. यंदाच्या चाचणीच्या वेळी मला खोडी सुचली. म्हटलं, साहेबी प्रोग्रॅमला जरा आमच्याकडचं नाव पचवून दाखवू दे. पडघा गावच्या मुलीचं असावं तसं एक लांबलचक नाव मी रचलं आणि त्याचं भोकं पाडलेलं कार्ड यंत्रात घातलं.

ती रचलेली मुलगी व्यवस्थित पास झाली. तिच्या मागच्या नंबरावर रचलेल्या दुसऱ्या मुलीला मी गणितात ब्याऐंशी दिले होते. कागदावर छापून आले शून्य सात.

बहिणीला पडले होते तेच सात. साचा जागेत मावला नव्हता. मावत नाही, असं सांगून प्रोग्रॅमनं थांबायला हवं होतं. त्यानं उरलेलं निमूट शेजारच्या जागेत लिहून टाकलं, आणि शेजारी त्या मागच्या मुलीचे गणिताचे गुण होते. त्यांच्यावर जाऊन पडली एक कोरी जागा आणि पडघ्याचा 'पी'. आमचं यंत्र आकड्याच्या ठिकाणी कोरी जागा शून्य वाचायचं आणि 'पी' सात, कारण त्याच्या लेखी 'पी'च्या खुणेत साताचीही खूण असायची. गेल्या वर्षी बहिणीच्या पुढच्याच बाकावर, तिच्या आधीच्या नंबरावर, पडघ्याची मुलगी होती; दोघींनी डबा वाटून खाल्ला होता.

कचेरीतल्या साहेबांनी कागद पाहिला आणि दार लोटून घेतलं. "यंदापुरतं दुरुस्त करा. गेल्या वर्षीचं तोंडातून काढायचं नाही. नोकरी हवीय ना?"

"गेल्या वर्षीची कार्डं तरी बघू द्या."

"रद्दीत गेली."

मी भिवंडीची एसटी धरली. नोकरीची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती घरची. पुरावा काहीच नव्हता. बहिणीचा पेपर खरंच वाईट गेला असेल तर? खोटी आशा लावून मी तिला दुसऱ्यांदा खड्ड्यात ढकलणार. आणि चांगला गेला असेल तर अशा आणखी किती मुली कुठे कुठे डोकं खाली घालून बसल्या असतील? दर थांब्यावर वाटायचं, उतरावं आणि परत फिरावं.

घरी आले तेव्हा ती दारातच कांड्या भरत होती. अप्पा वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लूमच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं, ते बरंच झालं. हळू बोलायचं असतं तर माझी जीभच उचलली नसती.

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग उठून तिच्यासमोर जमिनीवर बसले. "शेवटचं उदाहरण कसं सोडवलं होतंस?"

तिनं चाक थांबवलं आणि मान वर न करता पायरी पायरीनं सांगितलं. अप्पांनी त्याच्या आधीचं विचारलं, मग त्याच्याही आधीचं. तिनं सगळा पेपर सांगितला. वर्षभर सूत गुंडाळताना रोज मनातल्या मनात सोडवत असली पाहिजे, नाहीतर इतकं कुणाच्या लक्षात राहतं! एका ठिकाणी ती चुकली, बाकी सगळं बरोबर होतं. अप्पांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत, अप्पा."